आजीचं एक मत

६ ऑक्टोबर २०२४, रविवार. 'बिग बॉस मराठी'च्या पाचव्या पर्वाचा निकाल होता. आमच्या सिडकोतल्या घरात बाबा टीव्हीसमोर, भाऊ मोबाइलमध्ये आणि आई मेथी निवडत बसलेली. शेवटी तिघं उरले होते. बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा रीलस्टार सूरज चव्हाण, गायक अभिजीत सावंत आणि निक्की तांबोळी.

यातली निक्की आमच्या शहरातली. औरंगाबादेत जन्मलेली, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची. पण ती तिसऱ्या नंबरवर बाहेर पडली तेव्हा आमच्या घरात कुणालाच वाईट वाटलं नाही. उलट भाऊ म्हणाला, "बरं झालं!" कारण सुरुवातीच्या आठवड्यांत तिनं वर्षा उसगांवकरांना जे सुनावलं होतं, ते आमच्या अख्ख्या बिल्डिंगला लागलं होतं. गाव आपलं, मुलगी मात्र कुणाचीच नाही!

मग सूरज जिंकला, अभिजीत दुसरा आला. आईनं मेथीची जुडी खाली ठेवून विचारलं, "हा तोच ना गं, पहिला इंडियन आयडॉल?"

तोच. २००५ साली देशभरातल्या लोकांनी एसएमएस करून ज्याला निवडून दिलं, तो. एकोणीस वर्षांनी तो पुन्हा लोकांच्या मतांना सामोरा गेला आणि एका रीलस्टारपुढे हरला. गंमत म्हणजे २००५ च्या त्याच आयडॉलमध्ये तिसरा आलेला राहुल वैद्य २०२१ साली हिंदी 'बिग बॉस'च्या चौदाव्या पर्वात उपविजेता झाला होता, आणि तिथंही तिसरी होती निक्कीच.

भाऊ नाचत होता. मला मात्र २००९ सालचा आमचा नोकिया आठवला आणि आजी आठवली. त्या वर्षी मी तिची एक गोष्ट चोरली होती. ती सांगायचीच आहे, पण त्याआधी जरा मागं जावं लागेल. कारण गाणाऱ्याला निवडून देण्याचा हा खेळ मोबाइलच्या बराच आधीचा आहे.

*

आजीचा जन्म पैठण तालुक्यातला, निजामाच्या राजवटीतला. लग्न होऊन ती औरंगाबादला आली. आजोबा गुलमंडीवर एका कापडाच्या दुकानात कामाला होते, आणि त्यांना एकच व्यसन होतं, रेडिओचं. घरात रेडिओ नव्हता. बुधवारी रात्री आठ वाजता ते शेजारच्या एका घराच्या ओट्यावर जाऊन बसायचे. 'बिनाका गीतमाला' ऐकायला.

या 'गीतमाले'च्या जन्माची कथा म्हणजे श्रोत्यांनी एका मंत्र्याला हरवल्याची कथा आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी हलकी, त्यांनी लोकांची रुची बिघडते, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. मग लोकांनी काय केलं? मोर्चे काढले नाहीत. रेडिओची सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. तिथं डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सयानी नावाच्या एका तरुण निवेदकानं 'गीतमाला' सुरू केली. पहिल्या भागानंतर चाळीस-पन्नास पत्रं येतील असा अंदाज होता. आली नऊ हजार!

दोनेक वर्षांत 'गीतमाला' लोकप्रियतेच्या क्रमानं गाणी लावू लागली. क्रम ठरायचा रेकॉर्डच्या खपावरून आणि श्रोत्यांच्या पसंतीवरून. गावोगावी श्रोता संघ निघाले. केसकरांच्या खात्यालाही अखेर वाकावं लागलं. ऑक्टोबर १९५७ मध्ये 'विविध भारती' सुरू झाली आणि सिनेमाची गाणी सरकारी रेडिओवर सन्मानानं परतली. या देशातल्या श्रोत्यांनी जिंकलेली ही पहिली मोठी निवडणूक होती असं मला वाटतं. मतपेटी म्हणजे रेडिओची सुई आणि पोस्टकार्ड.

आजी सांगायची, आजोबा एका गाण्यासाठी तीन-तीन कार्डं टाकायचे. एक स्वतःच्या नावानं, एक भावाच्या आणि एक मेहुण्याच्या. मेहुणा शेती करायचा, त्याला सिनेमा कशाशी खातात हे ठाऊक नव्हतं. म्हणजे बोगस मतदान आमच्या घराण्यात तेव्हापासून आहे.

आजीचं स्वतःचं गाणं वेगळं होतं. नाथांचं गाव जवळ असल्यामुळे भारूड, गवळणी, अभंग. सप्ताहात रात्रभर कीर्तन चालायचं. तिथं कौल जागच्या जागी मिळायचा. गाणारा रंगला की टाळ आपोआप चढायचे, नाही रंगला की बायका उठून चुलीकडे निघायच्या. शहरात १४ एप्रिलच्या सुमाराला भीमगीतांचे कार्यक्रम आणि कव्वालीचे सामने व्हायचे. दोन पार्ट्या समोरासमोर. एकानं गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातूनच उत्तर द्यायचं, आणि लोक रात्री दोन वाजता स्टेजपाशी जाऊन दहाची नोट देऊन आपला निकाल सांगायचे. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा गळा अशा कव्वालीच्या मंचांवरही घडला. शाहिरीतला कलगी-तुरा तसाच, संगीत नाटकातला 'वन्स मोअर'ही तसाच.

ते दिवस फार निर्मळ होते असं सांगायचा माझा हेतू नाही. तिथंही 'आपली पार्टी' होती, भांडणं होती, पैसा होता. पण एक गोष्ट होती. कौल देणारा माणूस गाणाऱ्याच्या समोर बसलेला असायचा. गाणाऱ्याचा घाम त्याला दिसायचा.

*

टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा आली तेव्हा आधी लोकांना मत नव्हतंच. १९९५ साली झी टीव्हीवर 'सा रे ग म' सुरू झालं. सोनू निगम निवेदक, आणि परीक्षक म्हणून संगीतातली मोठमोठी माणसं. लहान मुलांच्या विशेष भागात श्रेया घोषाल जिंकली तेव्हा परीक्षक होते कल्याणजी. दूरदर्शनच्या 'मेरी आवाज सुनो'तून १९९६ मध्ये सुनिधी चौहान पुढे आली. आपण घरी बसून ऐकायचं, 'वा' म्हणायचं आणि झोपायचं. निकाल जाणकार देणार.

हे बदललं ते दोन गोष्टींनी. २००१ साली ब्रिटनमध्ये 'पॉप आयडॉल' आलं आणि पुढच्याच वर्षी 'अमेरिकन आयडॉल'. परीक्षक फक्त बोलणार, गायक ठेवायचा की काढायचा हे प्रेक्षक फोनवरून ठरवणार. दुसरी गोष्ट आपल्याकडची. २००३ साली मोबाइलवर इनकमिंग फुकट झालं, रिलायन्सनं ५०१ रुपयांत फोन द्यायला सुरुवात केली, आणि साहेबाच्या कमरेला लटकणारी वस्तू रिक्षावाल्याच्या खिशात आली. २८ ऑक्टोबर २००४ ला 'इंडियन आयडॉल' सुरू झालं तेव्हा मत द्यायला लागणारं यंत्र मध्यमवर्गाच्या हातात नुकतंच पोचलेलं होतं. ५ मार्च २००५ ला अभिजीत जिंकला. मुंबईचा, साध्या घरातला मराठी मुलगा. आमच्याकडे त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं एवढं मला आठवतं.

एसएमएस म्हणजे मत, आणि मत म्हणजे पैसेही. हा हिशोब एका खटल्यात उघड झाला. २००७ साली स्टार प्लसवर शाहरुख खानचा 'केबीसी' चालू असताना प्रेक्षकांसाठी 'हर सीट हॉट सीट' नावाची स्पर्धा होती. एका एसएमएसला २ रुपये ४० पैसे. सुमारे ५ कोटी ८० लाख एसएमएस आले. म्हणजे जवळपास १४ कोटी रुपये. बक्षिसांची एकूण रक्कम मात्र १ कोटी ४ लाख. बक्षीस फुकट असल्याचं भासवून पैसा प्रेक्षकांच्याच खिशातून काढला, असा आक्षेप घेऊन एक ग्राहक संघटना राष्ट्रीय ग्राहक आयोगाकडे गेली. २००८ मध्ये आयोगानं वाहिनी आणि एअरटेल यांना मिळून १ कोटीचा दंड केला. पुरेसा पुरावा नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये तो दंड रद्दही केला. कायद्याच्या दृष्टीनं प्रकरण मिटलं. पण त्या आकड्यांवरून एवढं कळतं की आपली हौस किती मोठी होती, आणि ती मोजून किती विकता येत होती.

पैशापेक्षा मोठी गोष्ट त्याच वर्षी पूर्वेकडे घडली. 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात अंतिम फेरीत दोघं होते, शिलाँगचा अमित पॉल आणि दार्जिलिंगचा प्रशांत तमांग. प्रशांत कोलकाता पोलिसात शिपाई. दार्जिलिंगच्या डोंगरात त्याच्यासाठी फॅन क्लब निघाले, वर्गण्या निघाल्या, लोकांनी रात्र-रात्र जागून एसएमएस केले. एकूण मतांचा आकडा सात कोटींच्या घरात गेला. २३ सप्टेंबर २००७ ला प्रशांत जिंकला. त्यानंतर दिल्लीच्या एका रेडिओ निवेदकानं नेपाळी माणसांच्या पहारेकरीपणावरून शेरा मारला. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेध मोर्चा निघाला, त्यातून दंगल पेटली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. आणि ७ ऑक्टोबरला बिमल गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चा स्थापन केला. प्रशांतसाठी मतं गोळा करण्यात हेच गुरुंग पुढे होते. गाण्याच्या स्पर्धेसाठी जमलेली माणसं दोन आठवड्यांत वेगळ्या राज्याची मागणी करत होती.

हे वाचताना पुण्या-मुंबईच्या माणसाला हसू येईल. मला येत नाही. ज्या भागाचं नाव टीव्हीवर फक्त संपात आणि पुरात येतं, तिथल्या माणसाला आपला मुलगा पडद्यावर दिसला की काय होतं, हे मला ठाऊक आहे. कारण पुढच्याच वर्षी ते आमच्या घरात झालं.

*

झी मराठीवर 'सा रे ग म प लिटिल चॅम्प्स' २००८ साली सुरू झालं. आठ ते चौदा वर्षांची मुलं, पल्लवी जोशी निवेदिका, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. गुणांऐवजी स्वर मिळायचे. चांगलं गायलं की 'ध', फार चांगलं गायलं की 'नी', आणि अगदीच आभाळ गाठलं की 'वरचा सा'. त्या काळात आमच्या शाळेत गणिताचा पेपर मिळाला तरी मुलं विचारायची, "तुला 'नी' का रे?"

महाअंतिम फेरीत पाच जण होते. पुण्याची आर्या आंबेकर, रत्नागिरीकडचा प्रथमेश लघाटे, अलिबागची मुग्धा वैशंपायन, आळंदीची कार्तिकी गायकवाड आणि लातूरचा रोहित राऊत.

लातूरचा! माझी आई औशाची. लातूर म्हटलं की लोक विचारायचे, "भूकंपवालं का?" १९९३ च्या ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आईचं लग्न व्हायचं होतं. पंधरा वर्षं तिच्या जिल्ह्याची हीच ओळख होती. आणि आता एक तेरा-चौदा वर्षांचा मुलगा पडद्यावर येऊन दणक्यात गात होता, आणि खाली 'लातूर' लिहून येत होतं. रोहित गायला लागला की आई गॅस बंद करून बाहेर यायची. तो सुरात होता की नाही हे ती ऐकतच नव्हती. ती ते नाव वाचत होती.

मतदानाच्या आठवड्यात बाबांनी जाहीर केलं, "दहा एसएमएस. त्यापुढे एक नाही." बाबा वाळूजच्या एका कंपनीत होते आणि २००९ च्या त्या मंदीत ओव्हरटाइम बंद झाला होता. दहाची वाटणी अशी झाली. आईचे चार, बाबांचे चार, दोन्ही रोहितला. एक सहा वर्षांच्या भावाचा, तो मुग्धाला, कारण ती सगळ्यांत लहान होती. एक आजीचा.

मला मत नव्हतं. मी बारा वर्षांची, आणि घरात सगळ्यांत भरभर टाइप करणारी. म्हणून मतदान केंद्राची अधिकारी मी होते.

आजी पलंगावर बसून वाती वळत होती. म्हणाली, "माझं एक मत त्या आळंदीच्या पोरीला टाक गं लेकरा."

मी म्हटलं, "आजी, रोहित आपला आहे."

"असंल की. पण ती पोर गाती तवा माझ्या आईवानी गाती."

मी इंग्रजी अक्षरं दाबली. आणि रोहितचं नाव पाठवलं. फार विचार केला नव्हता. एका मतानं रोहित हरला तर काय घ्या, एवढीच भीती. आभाराचा मेसेज आला तो तिला दाखवला. "गेलं का?" तिनं विचारलं. "गेलं." तिनं चष्मा वर करून स्क्रीनकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यावर काय लिहिलंय हे तिला वाचता येणार नव्हतं, आणि मला ते माहीत होतं.

*

८ फेब्रुवारी २००९ ला कार्तिकी जिंकली.

आईनं टीव्ही बंद केला आणि ताटं घेतली. बाबा म्हणाले, "सगळं फिक्स असतं." आजीनं मात्र गुळाचा खडा मागवला, प्रत्येकाच्या हातावर थोडा थोडा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळात सांगून आली, "माझं बी एक मत होतं त्यात." संध्याकाळी मंडळातल्या तीन बायका आमच्या घरी आल्या. हे मत कसं टाकतात ते शिकायला. मी त्यांना सांगितलं की आता मुदत संपली. त्या म्हणाल्या, "मग आदी का न्हाई सांगितलं?"

हा प्रश्न मला तेव्हा कळला नाही. आज वाटतं, त्या सगळ्या काळाबद्दलचा सर्वांत नेमका प्रश्न तोच होता. वाहिन्या म्हणायच्या, 'हा जनतेचा कौल.' जनता म्हणजे कोण? ज्याच्याकडे फोन आहे, फोनमध्ये बॅलन्स आहे, इंग्रजी अक्षरं येतात आणि घरात मत विचारलं जातं, ती. सप्ताहात टाळ हातात घेऊन रात्र-रात्र ऐकलेल्या, गाणं हाडात मुरलेल्या या बायका मतदार यादीतच नव्हत्या.

निकालानंतरचे आठवडे मला चांगले आठवतात. शाळेच्या रिक्षात, बिल्डिंगच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत एकच वाद. आमच्याकडचं बहुमत म्हणत होतं, आर्यावर अन्याय झाला. तिच्या गाण्यातली सफाई खरोखरच डोळे दिपवणारी होती, तिला 'नी' किती मिळाले याचे आकडे लोकांना पाठ होते. पण बोलता बोलता गाडी भलतीकडे जायची. 'शास्त्रशुद्ध गाणं' आणि 'भजनातलं गाणं'. 'पुणं' आणि 'खेडं'. कुणी म्हणायचं, वारकऱ्यांनी ठरवून मतं दिली. आडनावांवरूनही बोललं जायचं, आवाज खाली आणून. भांडण सुरांचं आहे असं दाखवून आम्ही आमची जुनी सगळी भांडणं त्या पाच लेकरांच्या डोक्यावर भांडून घेतली. मीही. "कार्तिकीला एकाच प्रकारचं गाता येतं," असं मी वर्गात मोठ्यानं म्हटलं होतं. मला तेव्हा भूप आणि भीमपलास यातला फरक माहीत नव्हता, आजही विचारून बघू नका.

आणि गंमत बघा. ती मुलगी आळंदीची होती. तिचे वडील गाणं शिकवणारे. अभंग-गवळणीची परंपरा तिनं टीव्हीसाठी धरली नव्हती, ती तिच्या घरातच होती. ज्याला आम्ही 'एकाच प्रकारचं' म्हणत होतो तो प्रकार सातशे वर्षांचा आहे, आणि त्यातले एक मोठे कवी आमच्या शहरापासून पन्नास किलोमीटरवर राहून गेले. पैठणच्या पोरीला, म्हणजे आजीला, ते दोन मिनिटांत ऐकू आलं. आम्हाला मात्र फक्त लातूर ऐकू येत होतं.

म्हणून आईचं मत खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. आईनं गाण्याला मत दिलं नाही, स्वतःच्या जिल्ह्याला दिलं. दार्जिलिंगनं तेच केलं. सिलचरच्या देबोजित साहासाठी त्याआधी आसामनं तेच केलं होतं. ज्यांना एरवी कुणी मोजत नाही, त्यांना 'आम्ही आहोत' असं सांगायची एक जागा मिळाली, भले ती प्रत्येक एसएमएसमागे पैसे घेणारी असेल. आणि आजीनं गाण्याला मत दिलं असं म्हणावं, तर तिनंही स्वतःच्या आईच्या आवाजालाच दिलं. दोघीही आपापल्या माणसाला ओळखत होत्या. फरक एवढाच की आईनं पाटी वाचून ओळखलं आणि आजीनं कान देऊन.

*

आजी २०१३ साली गेली. मी तिला खरं कधी सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं असं मी स्वतःला समजावत आले. कार्तिकी जिंकलीच, तिच्या एका मतावाचून काही अडलं नाही. पण चोरी मताची नव्हतीच. शेजारणींना ती अभिमानानं सांगत होती, "माझं बी एक मत होतं," आणि ते खोटं आहे हे जगात फक्त मला माहीत होतं.

ती पाचही मुलं मोठी झाली. रोहित २०१९-२० च्या हिंदी 'इंडियन आयडॉल'मध्ये गेला आणि शेवटपर्यंत टिकला. २३ फेब्रुवारी २०२० ला भटिंड्याचा सनी हिंदुस्तानी जिंकला, रोहित दुसरा आला. यावेळी मत ॲपवर होतं. आईनं पुन्हा टीव्ही बंद केला. पण थोड्या वेळानं म्हणाली, "त्या भटिंड्याच्या पोराच्या आईला काय वाटलं असंल गं!" सनी बूटपॉलिश करायचा हे तिनं त्याच कार्यक्रमात ऐकलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ती असं म्हणाली नव्हती.

२०२१ मध्ये 'लिटिल चॅम्प्स' परत आलं तेव्हा परीक्षकांच्या खुर्चीत तेच पाच जण बसले होते. २०२३ च्या डिसेंबरात प्रथमेश आणि मुग्धाचं लग्न झालं, तेव्हा आमच्या जिन्यात अशी चर्चा होती की जणू घरातलंच कार्य. जी मुलं हरली म्हणून आम्ही भांडलो होतो, ती हरलेली कुठंच नव्हती. भांडणं तेवढी आमची उरली.

आता सूरज जिंकल्यावर तोच वाद नव्या शब्दांत ऐकला. 'सहानुभूतीची मतं', 'टॅलेंट कुठंय', 'गावाकडचा म्हणून'. आणि निक्कीच्या बाबतीत उलटं, गावही कामाला आलं नाही. म्हणजे 'आपलं' कोण हे पाटीवर ठरत नाही, ते दर पर्वाला आपण नव्यानं ठरवतो, आणि ठरवताना स्वतःबद्दलच जास्त सांगून जातो.

पण मला शेवटी सांगायचंय ते निकालाच्या चार दिवस आधीचं. भाऊ रोज ॲपवर सूरजला मत देत होता. आई पोळ्या लाटताना आतून म्हणाली, "माझं मत अभिजीतला दे रे. पहिल्यापासनं बघतोय आपण त्याला."

भाऊ मान वर न करता म्हणाला, "दिलं."

मी म्हटलं, "फोन दाखव."

"अगं दिलं म्हणतोय ना."

मी उठले, त्याच्या हातातून फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. आईचे हात पिठाचे होते. तिनं ते पदराला पुसले, चष्मा आणायला सांगितला, आणि मग फोन हातात घेऊन बराच वेळ पाचसहा चेहऱ्यांतून अभिजीतचा चेहरा शोधत राहिली. मी काही दाबलं नाही.